पोर्शे ९११ कॅरेरा बुक करतोय: ऑप्शनच्या यादीतलं काय ठेवू, काय काढू?

ताम्हिणी_सकाळ
मंडळी, नमस्कार. ९११ कॅरेरा कूपे (९९२.२, म्हणजे ९९२ पिढीची सुधारित आवृत्ती) बुक करतोय. गाडी पुण्यातच राहील. डीलरने सुचवलेल्या ऑप्शनची बेरीज ३४ लाखांवर गेली आहे. स्पेसिफिकेशन गोठायला (त्यानंतर ऑर्डरमध्ये बदल नाही) अजून तीन आठवडे आहेत.

वापर असा: रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा वरंध, महिन्यातून दोनदा एक्स्प्रेसवेने मुंबई, वर्षाला एखाद-दुसरा ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचा दिवस). वर्षाकाठी साताठ हजार किलोमीटर. गाडी पाच-सहा वर्षं ठेवणार. सोसायटीचं पार्किंग बेसमेंटला आहे आणि उतार चांगलाच तीव्र आहे.

यादी: फ्रंट अ‍ॅक्सल लिफ्ट, सिरॅमिक ब्रेक, २०/२१ इंची चाकं, दहा मिलिमीटर खाली बसवणारं पीएएसएम (आपोआप मऊ-घट्ट होणारे शॉक अब्जॉर्बर) स्पोर्ट सस्पेन्शन, स्पोर्ट क्रोनो, स्पोर्ट एक्झॉस्ट, एचडी मॅट्रिक्स दिवे, १८-वे (अठरा प्रकारे हलवता येणारी) सीट, बर्मेस्टर साउंड, डॅशबोर्डसकट सगळं लेदर, खास ऑर्डरचा रंग आणि बरंच किरकोळ (एसीच्या जाळ्या बॉडीच्या रंगात, हेडरेस्टवर चिन्ह, रंगीत सीटबेल्ट वगैरे).

यातलं खरोखर कामाचं काय?

गॅरेज_नोंदवही
आधी एक हिशेब डोक्यात पक्का करा, मग यादी आपोआप लहान होईल.

ही गाडी जर्मनीतल्या त्सुफेनहाउझनहून तयार येते. ४० हजार डॉलरवरच्या गाडीवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के, मिळून ११० टक्के. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. कारखान्यात बसवलेला ऑप्शन गाडीच्या किमतीतच धरला जातो, म्हणून बंदरात १ लाखाचा असलेला ऑप्शन शुल्कानंतर २.१० लाखांचा आणि जीएसटीनंतर २.९४ लाखांचा होतो. डीलरचं मार्जिन अजून यात नाही. जर्मनीतला माणूस ज्या ऑप्शनवर सहज टिक करतो, त्याला आपण जवळपास तिप्पट मोजतो. त्यामुळे परदेशी लेख आणि व्हिडिओंमधलं ‘हे घ्यायलाच हवं’ इथे जसंच्या तसं लागू होत नाही.

रोड टॅक्सचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून कमाल मर्यादा ३० लाख आहे. कोटेशनमध्ये तुमची गाडी ऑप्शनशिवायच त्या मर्यादेला टेकली असेल, तर ऑप्शनमुळे रोड टॅक्स एक रुपयानेही वाढत नाही. तरीही कुणी वाढीव आकडा लावला असेल तर हिशेब मागा. १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर) दिसेल, तो आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो.

आता लिफ्ट. तुमच्या यादीतला मी अजिबात न काढण्यासारखा ऑप्शन हाच. गाडीचं नाक साधारण ४० मिलिमीटर वर उचललं जातं आणि सुमारे ३५ किमी वेगापर्यंत ते वर राहू शकतं. जागा जीपीएसवर साठवता येते, म्हणजे सोसायटीचा उतार एकदा नोंदवला की पुढच्या वेळी नाक आपोआप उचलतं. ही यंत्रणा हायड्रॉलिक आहे. पंप, नळ्या, पुढच्या स्ट्रटमधले सिलिंडर, कंट्रोल युनिट असा पसारा असल्याने गाडी घरी आल्यावर बसवू म्हटलं तर व्यवहार्य नाही.

पण लिफ्ट काय करत नाही तेही समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. ती नाक उचलते, पोट नाही. पुढचा अ‍ॅक्सल ४० मिमी वर गेला की दोन्ही चाकांच्या मधोमध जेमतेम २० मिमी मिळतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ९११ चा व्हीलबेस २.४५ मीटर. दोन्ही चाकं त्या गोलाईवर असताना मधला फुगवटा पोटाखाली फक्त ४.४ सेंटिमीटर येतो. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या स्पीडब्रेकरवर ९११ अडत नाही, लिफ्ट नसली तरी. अडते ती गल्लीतल्या हातभर रुंदीच्या, उभ्या कडांच्या उंचवट्यावर. तो पूर्णच्या पूर्ण दोन चाकांच्या मध्ये मावतो, त्यामुळे त्याची सगळी उंची पोटाला सोसावी लागते. तिथे लिफ्ट लावून, तिरकं, एकेक चाक चढवत जायचं. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याला उतरवणंही कामी येतं.

बेसमेंटच्या उतारावर मात्र लिफ्टचा पुरेपूर उपयोग होतो, कारण तिथे टेकतं ते नाकच. उतार संपून जमीन सपाट होते तिथला कोन बघा. स्पेसिफिकेशन गोठायच्या आधी डीलरची टेस्ट कार सोसायटीत आणून त्याच उतारावरून वर-खाली करायला लावा. दोन माणसं बसवून, लिफ्टसह आणि लिफ्टशिवाय. लिफ्ट लावूनही घासत असेल, तर आधी उताराच्या पायथ्याशी काँक्रीटची पाचर घालून घ्यावी लागेल.

आणि हो, लिफ्ट घेताय तर दहा मिमी खाली बसवणारं सस्पेन्शन पहिल्यांदा काढा. पैसे देऊन उंची घालवायची आणि पुन्हा पैसे देऊन ती परत आणायची, यात अर्थ नाही. साधं पीएएसएम गाडीत मुळातच आहे आणि आपल्या घाटरस्त्यांना तेच जास्त मानवतं. खाचखळगे असलेल्या वळणावर चाक जमिनीला चिकटून राहायला सस्पेन्शनला खालीवर व्हायला जागा लागते.

ओतीव_लोखंड
ब्रेक आणि चाकांबद्दल लिहितो.

सिरॅमिक डिस्क त्याच मापाच्या ओतीव लोखंडाच्या डिस्कपेक्षा सुमारे ५० टक्के हलक्या असतात. चाकाचा भार कमी झाल्याने स्टिअरिंग आणि सस्पेन्शन दोन्ही हलके वाटतात. त्या गंजत नाहीत आणि चाकांवर काळी भुकटी जवळजवळ येत नाही. इतके फायदे खरे आहेत. थांबायचं अंतर मात्र रस्त्यावर टायर ठरवतो. एबीएस लागेपर्यंत लोखंडी डिस्कही दाबतेच, त्यामुळे एका कडक ब्रेकिंगमध्ये सिरॅमिकने गाडी चमत्कारासारखी आधी थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. फरक पडतो तो ट्रॅकवर, लॅपमागून लॅप तापलेल्या ब्रेकला.

आणि ट्रॅकवरच सिरॅमिकची खरी झीजही होते. खूप तापल्यावर डिस्कमधला कार्बन हळूहळू जळतो. झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही, डिस्कचं वजन किंवा खास मापकाने उरलेला कार्बन तपासावा लागतो. बदलायची वेळ आली तर त्या डिस्कही आयात शुल्कासह येणार. शिवाय त्यांच्या कडा ठिसूळ असतात. डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडी अडकली तर टवका उडतो. चाक काढता-घालताना रिम डिस्कवर आपटलं तरी तेच. म्हणून चाक काढताना आधी बोल्टच्या जागी मार्गदर्शक पिना घालाव्या लागतात. पंक्चरवाल्याला हे माहीत असेलच असं नाही.

वर्षाला एक-दोन ट्रॅक डेला लोखंडी डिस्क पुरतात. ट्रॅकच्या आधी ताजं डॉट ४ ब्रेक फ्लुइड भरा. एरवीही ते दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं, जास्त काळ राहिलं की ओलावा शोषून उकळबिंदू खाली येतो आणि पेडल मऊ पडतं. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर ट्रॅकवर जाऊ नका. पातळ पॅडमधून उष्णता थेट कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) उतरते. शेवटचा लॅप ब्रेक जवळपास न लावता चालवा आणि उभी केल्यावर हँडब्रेक लावू नका.

पावसाळ्यात लोखंडी डिस्कवर रात्रीत तांबूस थर येतो. पहिल्या चार-पाच ब्रेकिंगमध्ये तो जातो. धुतलेली गाडी तशीच ओली ठेवून दोन-तीन आठवडे उभी करू नका, पॅडखाली डिस्कला खड्डे पडतात आणि मग पेडल थरथरतं. धुतल्यावर एक फेरी मारून ब्रेक कोरडे करायचे, एवढंच.

आता चाकं. आकडे बघा. कॅरेराला मुळात २३५/४० झेडआर १९ पुढे आणि २९५/३५ झेडआर २० मागे. यात टायरच्या भिंतीची उंची पुढे ९४ मिमी, मागे १०३ मिमी. ऑप्शनमधले २४५/३५ झेडआर २० आणि ३०५/३० झेडआर २१ घेतले तर पुढे ८६ मिमी, मागे साडेएक्क्याण्णव. खड्ड्याच्या कडेला रिम आणि डांबर यांच्यामध्ये असलेली तुमची गादी एवढीच, आणि तीही सुमारे आठ ते बारा मिमी कमी करायला तुम्ही जादा पैसे देताय. भिंत पातळ झाली की आदळल्यावर टायरला आतून फुगा येतो किंवा रिमला आतल्या कडेने बाक येतो, जो बाहेरून दिसतही नाही. या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चरचं द्रावण आणि कॉम्प्रेसर मिळतो, पण भिंत फाटली तर त्याचा काही उपयोग नाही, थेट टो ट्रक.

१९/२० ठेवा. बुक करण्याआधी एकदा टायरवाल्याला दोन्ही मापांचे, पोर्शेच्या ‘एन’ खुणेचे (पोर्शेने मान्य केलेले) टायर हाताशी आहेत का ते विचारा. उत्तरातच निर्णय होईल.

ताम्हिणी_सकाळ
दोघांचे मनापासून आभार. सिरॅमिक, २०/२१ आणि खाली बसवणारं सस्पेन्शन काढलं. टेस्ट कार शनिवारी सोसायटीत आणायला सांगितली आहे.

सीट, साउंड, लेदर यांचं काय? आणि स्पोर्ट क्रोनो म्हणजे फक्त डॅशबोर्डवरचं घड्याळ, असं एकाने सांगितलं.

शिवण_आणि_सावली
घड्याळ हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. स्पोर्ट क्रोनोमध्ये लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून जास्तीत जास्त वेगाने सुटण्याची सोय) येतं, ० ते १०० चा वेळ कंपनीच्या आकड्यांनुसार ४.१ वरून ३.९ सेकंदांवर येतो. स्पोर्ट रिस्पॉन्सचं बटण दाबलं की २० सेकंद इंजिन आणि गिअरबॉक्स सर्वांत तल्लख स्थितीत राहतात, घाटात ट्रक ओलांडताना हे कामाचं. सर्वांत मोलाचे आहेत ते डायनॅमिक इंजिन माउंट. ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकलेलं असतं, वळणात त्याचं वजन गाडीमागून थोडं उशिरा झुलतं. हे माउंट शांत चालवताना मऊ राहतात आणि जोरात वळताना घट्ट होतात. ताम्हिणीत एकापाठोपाठ उलटसुलट वळणं येतात तिथे मागचा भाग जास्त निमूट राहतो. ठेवा. पण त्याआधी भारतातल्या मूळ यादीत काय काय आधीच समाविष्ट आहे ते लेखी मागा. जर्मनीची यादी आणि इथली यादी एक नसते.

सीट. इथे हात आखडता घेऊ नका, पण १८-वे म्हणजेच उत्तम असंही नाही. १४-वे सीटला उंची, पाठ, मांडीचा आधार, कमरेचा आधार हे सगळं विजेवर मिळतं. १८-वे मध्ये त्यावर मांडीच्या आणि पाठीच्या बाजूंचे उंचवटे आत-बाहेर करता येतात. अंगाने सडपातळ असाल आणि वळणात सरकत असाल तर १८-वे, एरवी १४-वे. बैठकीला हवा खेळवणारं व्हेंटिलेशन या दोन्हींवरच मिळतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते गरम होणाऱ्या सीटपेक्षा शंभरपट कामाचं आहे. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून ठरवू नका, किमान वीस मिनिटं बसा. कार्बनच्या बकेट सीटचा मोह झालाच तर एवढं लक्षात घ्या की त्यांची पाठ मागे कलत नाही आणि बाजूची उंच कड ओलांडून आत जावं लागतं. घरातली मोठी माणसं बसणार असतील तर नको.

साउंड: बोस ५७० वॅट, १२ स्पीकर. बर्मेस्टर ८५५ वॅट, १३ स्पीकर. बंद गाडीत उभ्या उभ्या फरक स्पष्ट कळतो. एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर मागच्या रुंद टायरचा आवाज सुरू झाला की त्या फरकातला बराच भाग त्यात बुडतो. बोस पुरे. वाचलेल्या पैशांतून काही घ्यायचंच असेल तर आवाज अडवणारी काच मिळते का बघा, ती नंतर बसवणं परवडत नाही.

डॅशबोर्डवरचं लेदर घेऊ नका, असं मी ठामपणे म्हणेन. विंडस्क्रीनखाली उन्हात तापून लेदर आकसतं आणि काचेजवळच्या हवेच्या झडपांभोवती, एअरबॅगच्या शिवणीजवळ कडा ओढल्या जातात. तिथे डागडुजी होत नाही, वरचा पूर्ण भाग बदलावा लागतो. शिवाय फिकट रंग घेतला तर काचेत प्रतिबिंब पडतं. सीटला लेदर, डॅशबोर्डला साधं काळं.

एसीच्या रंगीत जाळ्या, हेडरेस्टवरचं चिन्ह, सीटबेल्टचा रंग: यातलं प्रत्येक स्वतंत्रपणे किरकोळ वाटतं आणि बेरीज बघितली की एका लिफ्टएवढी होते. जुनी गाडी घेणारा याला एक पैसा जास्त देत नाही.

नेकारकाठचा
श्टुटगार्टहून लिहितोय. बहुतेक पटलं, रंगाबद्दल मात्र थोडं वेगळं मांडायचं आहे.

फक्त ‘परत मिळेल का’ या एकाच मापाने सगळं मोजलं तर स्पोर्ट्स कार घ्यायलाच नको. पाच-सहा वर्षं रोज डोळ्यांसमोर राहणार तो रंग. मनापासून आवडणारा रंग नेहमीच्या यादीत नसेल, तर खास रंग घ्यावा, बाकी दहा गोष्टी सोडून. इथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारातही वेगळ्या रंगाची गाडी पटकन नजरेत भरते.

मागच्या चाकांच्या स्टिअरिंगसाठी वरचं मॉडेल घ्यावं का, असाही प्रश्न पुढे येईल, म्हणून आत्ताच सांगतो. साधारण ५० किमी वेगाखाली मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात, म्हणजे गाडी आखूड असल्यासारखी फिरते. ८० च्या वर त्याच दिशेला वळतात, लेन बदलताना गाडी स्थिर राहते. जीटीएस या वरच्या मॉडेलमध्ये ते मुळातच येतं. चांगलं आहे, पण त्याच्यासाठी कॅरेरा सोडू नका. कॅरेरा पुढून हलकी आहे आणि घाटात ती पुरेशी चपळ आहे.

दिव्यांचंही: ९९२.२ मध्ये मॅट्रिक्स एलईडी मुळातच आहेत, समोरच्या गाडीपुरता प्रकाश तेच वगळतात. एचडीमध्ये प्रत्येक दिव्यात ३२ हजारांहून जास्त पिक्सेल असतात आणि प्रकाश वगळणं जास्त नेमकं होतं. रात्री बिनरेषांच्या रस्त्यावर खूप फिरत असाल तरच. पहाटे निघणाऱ्याला साधे मॅट्रिक्स पुरतील.

गॅरेज_नोंदवही
@नेकारकाठचा, रंगाचा मुद्दा मान्य. पण पुण्यात खास रंग घेताना एक व्यावहारिक अडचण धरून चाला. बंपरला ओरखडा हा इथे ‘जर’ नसून ‘कधी’ असतो. प्लॅस्टिकचा बंपर आणि शेजारचं धातूचं फेंडर यांच्या रंगात फरक न दिसता जुळवणं तीन थरांच्या रंगात फार अवघड. म्हणून खास रंग घ्यायचा तर शक्यतो साधा, चमकीच्या थराशिवायचा घ्या. रंगाचा कोड डिलिव्हरीच्या कागदांत लिहून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात पूर्ण गाडीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावा. बजेट कमी असेल तर निदान पुढचा बंपर, बॉनेट, आरसे, दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकांपुढचा फुगीर भाग. ९११ ची कंबर मागे रुंद होते, पुढच्या चाकांनी उडवलेली खडी नेमकी तिथे बसते.

स्पोर्ट एक्झॉस्टचा प्रश्न कुणी सोडवलाच नाही. घ्यायचा असेल तर कारखान्यातूनच. नंतर बाहेरून बसवलेला एक्झॉस्ट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बेकायदा फेरबदल ठरू शकतो आणि वॉरंटीचा वाद वेगळा. कारखान्याच्या एक्झॉस्टला झडपा असतात, सोसायटीतून पहाटे निघताना बंद, घाटात उघड्या. आवाजासाठी ९११ घेणाऱ्याला हा ऑप्शन खटकणार नाही.

ऑप्शनच्या यादीत नसलेल्या दोन स्वस्त गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. पहिली, पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या हवेच्या तोंडांना बारीक जाळी. तिथेच रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर आहेत. पाचोळा आत साचतो, पावसात कुजतो आणि कंडेन्सर पोखरतो, खडीचा मार वेगळाच. आत हलणाऱ्या पट्ट्या असतात, जाळीने त्यांची हालचाल अडत नाही ना हे बसवणाऱ्याकडून समोर तपासून घ्या. दुसरी, बॅटरीचा चार्जर. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर तो जोडून ठेवायचा. बॅटरी लिथियम-आयन आहे की साधी, हे बघूनच चार्जर घ्या.

ताम्हिणी_सकाळ
शनिवारी टेस्ट कार उतरवून बघितली. दोन माणसं बसून, लिफ्टशिवाय, उताराच्या पायथ्याशी पुढची काळी पट्टी टेकली. लिफ्ट लावल्यावर दोन बोटं जागा राहिली.

आता उरलेली यादी: लिफ्ट, स्पोर्ट क्रोनो, स्पोर्ट एक्झॉस्ट, व्हेंटिलेशनसह १४-वे सीट, बोस, आवाज अडवणारी काच. रंग यादीतलाच, साधा. बेरीज निम्म्याहून खाली आली. डिलिव्हरीच्या दिवशी ऑप्शनपैकी नेमकं काय तपासू?

ओतीव_लोखंड
पैसे भरायच्या आधी ऑर्डरची अंतिम प्रत मागवा. त्यात प्रत्येक ऑप्शनपुढे कोड असतो. डिलिव्हरीला तीच प्रत हातात घेऊन एकेका कोडवर खूण करत जा. इनव्हॉइसमध्येही ऑप्शन गाडीच्या किमतीत दिसले पाहिजेत, नाहीतर विम्याच्या आयडीव्हीत (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत) ते धरले जाणार नाहीत.

लिफ्ट सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून तीन वेळा वर-खाली करा. दोन्ही बाजूंनी चाकाचा मध्य ते फेंडरची कड हे अंतर टेपने मोजा, वर असताना आणि खाली असताना. डावं-उजवं सारखं वाढलं पाहिजे. मग नाक वर असतानाच दहा मिनिटं उभी ठेवून पुन्हा मोजा. एका बाजूने खाली बसली असेल किंवा पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ताबा घेऊ नका. सीटचं व्हेंटिलेशन तिन्ही वेगांवर चालवून हात ठेवून बघा. एक्झॉस्टचं बटण दाबल्यावर झडप उघडल्याचा फरक बाहेर उभं राहून ऐका, आत बसून कळत नाही.

आणि टायरच्या भिंतीवरची ‘एन’ खूण चारही चाकांवर एकच आहे का, तेवढं वाकून बघा.